भाकितातला वीर आणि कच्चं मडकं

दोस्तहो, कल्पना करा. बोटीच्या पोटात तुम्ही कैदी आहात. खिशात दमडी नाही. शेजारचा कैदी तुम्हाला उठवून नाव विचारतो. बोट एका चिमुकल्या बंदराला लागते, तुम्हाला सोडून देतात आणि पुढे हळूहळू कळतं, की जुन्या भाकितातला वीर म्हणे तुम्हीच!

अमेरिकेतल्या बेथेस्डा कंपनीचा 'मॉरोविंड' हा २००२ सालचा गेम असा सुरू होतो. (पालकहो, तो तेरा वर्षांवरच्या मुलांसाठी आहे बरं का!) फार पूर्वी मारला गेलेला नेरेव्हर नावाचा सेनापती पुन्हा जन्म घेईल आणि तांबड्या डोंगरातल्या डागोथ ऊरचा बंदोबस्त करील, असं ते भाकीत. वीराची खूण काय? ठरावीक दिवशी जन्म आणि आई-वडिलांचा पत्ता नाही. आता अशी मुलं किती निघतील, सांगा पाहू! बादशहाला खुणा जुळणारा कोणीतरी हवा होता, म्हणून तुमची सुटका झाली. निव्वळ राजकारण.

मला सगळ्यांत आवडते ती तिथली एक गुहा. ॲझुरा देवी तुम्हाला अंगठी देते आणि मग भुतं दिसू लागतात. ती आहेत तुमच्याआधीच्या 'वीरांची'! त्यांनाही वाटलं होतं, की भाकीत आपल्याबद्दलच आहे. सगळे अर्ध्या वाटेत संपले. ती भुतं घाबरवत नाहीत; आपली हकिगत सांगतात आणि जवळची एखादी वस्तू तुम्हाला देऊन टाकतात. त्यानंतरही तीन घराणी आणि चार भटक्या जमाती यांची मनं तुम्हालाच जिंकावी लागतात. एकेका दारी कामं, लढाया, मनधरणी!

हिंगोली जिल्ह्यातल्या वाचकांना इथे नामदेव आठवतील. कयाधूकाठचं नरसी हे त्यांचं जन्मगाव मानतात. लहानपणी त्यांच्या हातचा नैवेद्य विठ्ठलाने खाल्ला, अशी कथा आहे. म्हणजे देवाचा लाडकाच की! पण संतांच्या मेळाव्यात गोरोबाकाकांनी थापटण्याने एकेकाचं डोकं ठोकून पाहिलं, तेव्हा नामदेव रागावले आणि कच्चं मडकं ठरले. मग गुरू शोधत ते औंढा नागनाथला आले, असं सांगतात. पाहतात तर विसोबा खेचर पिंडीवर पाय ठेवून खुशाल झोपलेले! "पाय काढा," म्हटलं, तर विसोबा म्हणाले, "देव नसेल तिथे तूच ठेव." नामदेव पाय उचलून ठेवतील तिथे पिंड!

पुढे नामदेव थेट पंजाबपर्यंत गेले. शिखांच्या गुरू ग्रंथसाहिबात त्यांची ६१ पदं आहेत.