ग्रहण चंद्राला की बुद्धीला?

दुभंगलेल्या ओठाचे मूल जन्मास आले की घरोघरची न्यायसभा तत्काळ भरते. सुनेने ग्रहण पाळले होते काय? वेध लागल्यावर विळीला हात लावला होता काय? निकाल आधीच ठरलेला असतो : आई दोषी!

या निकालाविरुद्धचा पुरावा २००२ सालीच जगापुढे आला आहे. व्हॅन डर वूड या नावाच्या आनुवंशिक विकारात ओठ किंवा टाळू यांत फट राहते आणि खालच्या ओठावर बारीक खळगे दिसतात. अमेरिकेतील आयोवा विद्यापीठाच्या संशोधकांना एकरूप जुळ्यांची एक जोडी आढळली. एका भावंडास हा विकार होता, दुसऱ्यास नव्हता. दोघांची जनुके ताडून पाहता, विकारग्रस्त भावंडाच्या पहिल्या गुणसूत्रावरील आयआरएफ-६ या जनुकात बिघाड सापडला. पुढे इतर अनेक कुटुंबांतही याच जनुकात दोष दिसले. एकाच उदरात, एकाच आकाशाखाली वाढलेली ही भावंडे! ग्रहण बाधावयाचे तर दोघांनाही बाधले असते.

हा दोष आईकडूनच येतो असेही नाही. पित्याच्या ओठावर दोन खळग्यांपलीकडे काही दिसत नसले, तरी त्याच्या प्रत्येक अपत्यास हा दोष मिळण्याची शक्यता निम्मी असते. म्हणजे न्यायासनावर बसलेल्या सासूच्याच ओठावर एखादे वेळी पुरावा असावयाचा! अर्थात तेव्हाही ती अपराधी ठरत नाही. जनुके कोणी निवडून घेत नसतो.

दुभंगलेल्या ओठाच्या शंभर मुलांत सुमारे दोघांसच हा विकार असतो, हे खरे. बाकीच्यांच्या बाबतीत बहुधा अनेक कारणे एकत्र येतात; पण विळी त्यांत कोठेच नाही.

जन्मजात व्यंगे वेळीच हेरणारा राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ साली आपल्याच पालघरातून सुरू झाला. त्यामुळे ओठ शिवला जातो, पण आईवरील आरोप तसाच उरतो. म्हणून आमचे म्हणणे असे की, बाळाबरोबर माता-पित्यांचेही ओठ तपासले जावेत, आणि जेथे संशय असेल तेथे जनुकीय चाचणी व समुपदेशन जिल्हा रुग्णालयातच मिळावे. पुढील अपत्याविषयीचा निर्णय दांपत्याने भयाने नव्हे, ज्ञानाने घ्यावा.

चंद्राचे ग्रहण काही तासांत सुटते. बुद्धीचे सोडविणे मात्र आपल्याच हाती आहे.