हात वर, डोके पाण्याखाली

शेततळ्यात, विहिरीत, खाणीत साचलेल्या पाण्यात किंवा विसर्जनाच्या वेळी कोणी बुडाल्याची बातमी पावसाळ्यात जवळजवळ रोजच असते. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकडेवारीनुसार २०२२ या एका वर्षात देशात ३८ हजारांहून अधिक लोक बुडून मरण पावले. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२१ मध्ये जगभरात ही संख्या ३ लाखांच्या घरात होती. आपल्याकडच्या बातमीत एक वाक्य ठरलेले असते: ‘पाण्याचा अंदाज न आल्याने’. पाण्याचा अंदाज येत नाही हे खरे, पण स्वतःच्या शरीराचाही येत नाही. ते पाण्यात किती तरंगते आणि कोणत्या स्थितीत तरंगते, हे ठरवणारा नियम राज्यातली मुले आठवीच्या विज्ञानात शिकतात. शिकतात म्हणजे पाठ करतात.

वर्गात हा नियम गोष्टीतून येतो. सिराक्यूजचा राजा, सोन्याचा मुकुट, काठोकाठ भरलेले न्हाणीचे कुंड आणि ‘युरेका’ म्हणत रस्त्यातून धावणारा आर्किमिडीज. गोष्ट रंजक आहे, पण आर्किमिडीजच्या स्वतःच्या लेखनात ती सापडत नाही. त्याच्यानंतर सुमारे दोनशे वर्षांनी व्हिट्रुव्हियस या रोमन वास्तुविशारदाने ती लिहिली. हिशेबालाही ती नीट टिकत नाही. एक किलो शुद्ध सोने सुमारे ५२ घनसेंटिमीटर जागा व्यापते. सोनाराने त्यात ३० टक्के चांदी मिसळली तर ६५. वीस सेंटिमीटर व्यासाच्या भांड्यात या फरकाने पाण्याची पातळी अर्ध्या मिलिमीटरनेही बदलत नाही. गॅलिलिओला ही शंका १५८६ मध्येच आली होती. आर्किमिडीजने पाण्यात बुडवून तराजूने तोलले असावे, असे त्याचे म्हणणे.

आर्किमिडीजने ‘तरंगणाऱ्या वस्तूंविषयी’ या ग्रंथात जे सिद्ध केले ते मुकुटाच्या गोष्टीपेक्षा कितीतरी मोठे आहे. वस्तू जेवढे पाणी बाजूला सारते, तेवढ्या पाण्याच्या वजनाइतका आधार पाणी तिला देते. तरंगणारी वस्तू आपल्या वजनाइतके पाणी बाजूला सारेपर्यंत खाली जाते आणि तिथे थांबते. उरेल तेवढाच भाग पाण्याबाहेर राहतो.

घनतेची ही समज आपल्याकडे घरात आणि शेतात पूर्वीपासून आहे. भाताचे बियाणे पेरण्यापूर्वी १० लिटर पाण्यात ३०० ग्रॅम मीठ विरघळवून त्यात टाकतात. पोचट दाणे वर येतात, भरीव तळाशी बसतात. अंडे ताजे आहे की शिळे, हे पाण्याच्या भांड्यात कळते. गावच्या विहिरीत पोरांना पोहायला शिकवताना पाठीला सुका भोपळा नाहीतर घट्ट झाकणाचा पत्र्याचा डबा बांधत. भोपळे किंवा लाकडे एकत्र बांधून केलेल्या अशा आधाराला ‘सांगड’ म्हणत. आज भाषणात ‘सिद्धांत आणि व्यवहार यांची सांगड’ घालणाऱ्यांना हा पाण्यातला अर्थ क्वचितच आठवतो.

आता हाच हिशेब माणसाच्या शरीराला लावून पाहावा. हाडे पाण्यापेक्षा बरीच जड, स्नायू किंचित जड, चरबी हलकी. या सगळ्यांची गोळाबेरीज पाण्याच्या अगदी जवळ येते आणि पारडे कोणत्या बाजूला झुकायचे, हे फुप्फुसातली हवा ठरवते. छाती भरून श्वास घेतला तर बहुतेकांच्या शरीराची घनता पाण्याच्या ९८ टक्क्यांच्या आसपास असते. श्वास पूर्ण सोडला की ती पाण्याहून थोडी जास्त होते आणि माणूस खाली जाऊ लागतो.

म्हणजे ६० किलोचा माणूस छाती भरून घेऊन गोड्या पाण्यात स्थिर राहिला, तर त्याचा जेमतेम सव्वा लिटर एवढा भाग पाण्याबाहेर राहील. प्रौढ माणसाचे डोके चार लिटरहून मोठे असते. तो पाण्यात उभा असेल तर बाहेर राहील ती टाळू आणि कपाळ. नाक आणि तोंड पाण्याखाली. तोच माणूस उताणा झाला, कान पाण्यात बुडू दिले आणि हनुवटी वर ठेवली, तर बाहेर राहणाऱ्या त्या सव्वा लिटरात त्याचा चेहरा येतो. वजन तेच, पाणी तेच, आधारही तेवढाच. पहिल्या स्थितीत श्वास बंद, दुसऱ्या स्थितीत चालू.

घाबरलेला माणूस नेमके याच्या उलट करतो. काहीतरी पकडायला मिळावे म्हणून तो हात वर टाकतो. एक हात सुमारे तीन किलोचा. तो पाण्यात असेपर्यंत त्याचे ओझे पाणी वाहते. बाहेर आला की ते ओझे उरलेल्या शरीरावर पडते. दोन्ही हात वर म्हणजे सहा किलो, आणि शिल्लक होती जेमतेम सव्वा किलोची. डोके खाली जाणारच. त्यात तो जोराने ओरडला तर फुप्फुसातली हवाही जाते. बुडणारा माणूस अनेकदा ओरडतही नाही, कारण तोंड वर आले तेवढ्या क्षणात त्याला श्वास घ्यायचा असतो. काठावरच्यांना वाटते, पोरगा खेळतोय.

पाण्यात अचानक पडलेल्याने पहिल्या काही मिनिटांत पोहण्याची धडपड करण्यापेक्षा उताणे होऊन श्वास स्थिर करावा, हा सल्ला या हिशेबातूनच येतो. पाय खाली जातात म्हणून घाबरायचे कारण नाही. हवा छातीत असते, त्यामुळे पाय जड वाटणारच. अगदी सडपातळ किंवा पिळदार शरीराच्या लोकांना पाण्याखाली हात हळूहळू हलवावे लागतात, एवढाच फरक. ओल्या कपड्यांची भीतीही बरीचशी चुकीची आहे. कापडात मुरलेल्या पाण्याला पाण्यात वजन जाणवत नाही. ते जाणवते बाहेर पडताना. साडीचा धोका वेगळा, ती पायांत गुंतते.

नेदरलँड्समध्ये मुलांना पोहण्याचे पहिले प्रमाणपत्र मिळवताना अंगावर कपडे घालून पाण्यात उतरावे लागते. जपानमध्ये मुलांना ‘तरंगा आणि वाट पाहा’ अशा अर्थाच्या नावाने हेच शिकवले जाते. पायातले हलके बूट काढू नका, ते तरंगतात, असेही सांगितले जाते. ब्रिटनच्या किनारी जीवरक्षक संस्थेची मोहीमही पोहण्याआधी तरंगण्यावर भर देते. आपल्याकडे पोहणे हा एकतर खेळ मानला जातो, नाहीतर उन्हाळी शिबिराचा विषय. तलाव नाही म्हणून शाळा तो सोडून देतात. तरंगण्यासाठी मात्र २५ मीटरचा तलाव लागत नाही. छातीएवढे स्थिर पाणी आणि शेजारी उभा असलेला जाणता माणूस एवढे पुरते. आठवीच्या पुस्तकातले प्लावक बल एकदा तरी मुलांना स्वतःच्या पाठीखाली जाणवले पाहिजे. परीक्षेतल्या दोन गुणांपेक्षा त्याची किंमत जास्त आहे.

या ज्ञानाच्या मर्यादाही सांगायला हव्यात. धबधब्याखालचा फेसाळ डोह आणि बंधाऱ्यावरून पडणारे पांढरे पाणी यात हवेचे बुडबुडे मिसळलेले असतात, त्यामुळे त्याची घनता कमी असते. तिथे शरीर नेहमीसारखे तरंगत नाही. वर्षा सहलीला जाणाऱ्यांना सर्वाधिक मोह नेमका तिथेच होतो. समुद्राचे पाणी उलट अडीच टक्के जड. वरच्या हिशेबातल्या माणसाचा त्यात पाण्याबाहेर राहणारा भाग दुपटीहून वाढतो, पण लाटा आणि ओढ हा फायदा सहज खाऊन टाकतात. जहाजांच्या बाजूवर गोड्या आणि खाऱ्या पाण्यासाठी वेगवेगळ्या रेघा असतात, त्या घनतेच्या याच फरकामुळे. अतिभाराने जहाजे बुडत आणि खलाशी मरत, म्हणून सॅम्युअल प्लिमसॉल या खासदाराने ब्रिटनच्या संसदेत मोठी चळवळ केली. १८७६ च्या कायद्याने भाराची रेघ सक्तीची झाली. आपल्या नदीनाल्यांतल्या प्रवासी होड्यांवर अशी रेघ किती ठिकाणी दिसते आणि दिसली तरी कोण पाहते?

सर्वांत तातडीचा प्रश्न शेततळ्यांचा. २०१६ च्या ‘मागेल त्याला शेततळे’ योजनेनंतर गावोगावी तळी झाली. पाण्यासाठी ते चांगलेच झाले. पण प्लास्टिकचे अस्तर ओले आणि शेवाळलेले असले की पट्टीच्या पोहणाऱ्यालाही चढून बाहेर येता येत नाही. अनुदान देताना तळ्याचे माप जितक्या काटेकोरपणे तपासले जाते तितक्याच काटेकोरपणे कुंपण आणि दोर तपासायला हवा. खर्च नगण्य आहे. तळ्यावर आडवा ताणलेला, गाठी मारलेला दोर, त्याला थोड्या थोड्या अंतरावर बांधलेले, घट्ट झाकणाचे तेलाचे रिकामे कॅन. पाच लिटरचा एक कॅन जवळपास पाच किलोचा आधार देतो, म्हणजे सव्वा किलोच्या शिल्लकीवर जगणाऱ्याला चौपट. असाच एक कॅन दोर बांधून काठावर ठेवलेला असावा. तो फेकायचा असतो. वाचवायला मागोमाग उडी घेणारा भाऊ किंवा बापही बुडतो, हेही त्याच बातम्यांत असते.