खबरदारी

विद्यार्थी मित्रांनो, पुण्याच्या खडकी भागात तुम्ही कधी गेला आहात का? तेथे १८६९ साली सुरू झालेला दारूगोळ्याचा कारखाना आहे. दारूगोळ्याच्या कारखान्यात जाताना साधी काडेपेटीसुद्धा बाहेर ठेवावी लागते. कोणाला वाटेल, एका काडेपेटीने काय होणार? एवढी काळजी कशाला? या प्रश्नाचे उत्तर मुंबईत घडलेल्या एका घटनेत आहे.

पाणबुडी म्हणजे पाण्याखालून चालणारे लढाऊ जहाज. आपल्या नौदलाची ‘सिंधुरक्षक’ ही पाणबुडी रशियात बांधलेली होती. १४ ऑगस्ट २०१३ रोजी ती मुंबईच्या नौदल गोदीत उभी होती. दुसऱ्या दिवशी स्वातंत्र्यदिन होता. मध्यरात्रीनंतर पाणबुडीत मोठे स्फोट झाले, आगीचे लोळ उठले आणि ती धक्क्यालाच बुडाली. आत तीन अधिकारी आणि पंधरा नाविक होते.

ही पाणबुडी खोल समुद्रात नव्हती. किनारा अगदी जवळ होता. अग्निशामक दल आले, बुडी मारणारे नौसैनिक आले. पण आत काळोख होता, पाणी गढूळ होते. उष्णतेने धातू वितळून दारे वाकडी झाली होती. पहिले मृतदेह दोन दिवसांनी हाती लागले. अठरांपैकी एकालाही वाचवता आले नाही.

रशियाच्या ‘कुर्स्क’ पाणबुडीचीही अशीच कहाणी आहे. १२ ऑगस्ट २००० रोजी ती स्फोट होऊन समुद्राच्या तळाशी गेली. तिच्यात ११८ माणसे होती. स्फोटानंतरही २३ जण मागच्या भागात जिवंत होते. परदेशी मदत घेण्यास उशीर झाला. नऊ दिवसांनी नॉर्वेच्या माणसांनी दार उघडले, तेव्हा आत कोणीही जिवंत नव्हते.

बचावाची साधने चांगली हवीत, हे खरेच आहे. पाण्याखाली अडकलेल्या नाविकांना वर आणणारे खास यान २०१८ साली आपल्या नौदलात आले. हे चांगले झाले. पण सिंधुरक्षकमध्ये अशा यानाचाही उपयोग झाला नसता, कारण तेथे वेळच उरला नव्हता. म्हणून मला वाटते, खरा बचाव अपघाताच्या आधीच करावा लागतो.

२०१७ साली सरकारी कामकाज तपासणाऱ्या महालेखापरीक्षकांचा अहवाल आला. नौदलाच्या चौकशीत काय आढळले, ते त्यात दिले होते. पाणबुडीवरची माणसे किती थकली आहेत, याचा नीट अंदाज घेतला गेला नव्हता. वापराची मुदत थोडीच उरलेला दारूगोळाही तिच्यात होता. थकलेल्या माणसाच्या हातून चूक होते, हे आपण सारे जाणतो. मग दोष केवळ नाविकांना कसा द्यायचा? कामाचे तास ठरवणारे, मुदत तपासणारे आणि हुकूम देणारेही तितकेच जबाबदार असतात.

फेब्रुवारी २०१४ मध्ये ‘सिंधुरत्न’ पाणबुडीत आग लागली आणि दोन अधिकारी मृत्यू पावले. तेव्हा नौदलप्रमुख ॲडमिरल डी. के. जोशी यांनी अशा अपघातांची नैतिक जबाबदारी स्वीकारून राजीनामा दिला. ते स्वतः त्या पाणबुडीत नव्हते. तरीही ‘माझा काय संबंध?’ असे त्यांनी म्हटले नाही.

‘खबरदारी’ हा मराठी शब्द तुमच्या ओळखीचा आहे. उर्दूतही ‘खबरदार’ म्हणजे सावध. रात्री शेगडी बंद आहे ना, हे उठून पाहणारी आई खबरदार असते. काडेपेटी मुकाट्याने बाहेर ठेवणारा कामगारही खबरदार असतो. त्यांना कोणी बक्षीस देत नाही, कारण जो अपघात झालाच नाही तो कोणाला दिसत नाही. पण त्यांच्यामुळे कितीतरी माणसे संध्याकाळी सुखरूप घरी पोहोचतात. मित्रांनो, एखादा नियम तुम्हांला कंटाळवाणा वाटला, तर तो मोडण्यापूर्वी त्या अठरा जणांची आठवण करा. आणि मोठे होऊन दुसऱ्यांना कामे सांगाल, तेव्हा समोरचा माणूस थकला आहे का, हे आधी विचारा.