विमानातील पाहुणा

भुताला राहावयास पडका वाडा किंवा पिंपळ हवा, अशी आपली समजूत. इंग्लंडातील कॉस्फर्ड येथील हवाई दलाच्या संग्रहालयात मात्र ते एका बाँबफेकी विमानात वस्तीस आहे म्हणे! ‘आर. एफ. ३९८’ क्रमांकाच्या त्या लिंकन विमानात रात्री पावले वाजतात, खटके ओढल्याचा आवाज येतो, क्वचित गणवेशधारी वैमानिकही दिसतो. ध्वनिमुद्रक यंत्र रात्रभर आत ठेवले, तर त्यावरही खटखट उमटली असे सांगतात. दिवसा तापलेला ॲल्युमिनियमचा पत्रा रात्री निवताना आकसतो व कुरकुरतो, एवढे कारण आम्हांस पुरते. (वैमानिकाचे काय, हे पाहणाऱ्यांनाच विचारावे!)

नवल असे की, लिंकन विमाने हवाई दलात आली तोवर, १९४५ साली, महायुद्ध आटोपत आले होते. या विमानाने लढाई पाहिलीच नाही. ज्यांनी पाहिली, त्या लँकेस्टर आदी विमानांच्या, ब्रिटनच्या बाँबफेकी दलातील ५५ हजारांहून अधिक जणांनी प्राण गमावले.  रनीमीड येथील स्मारकावर, कबरही न लाभलेल्या २० हजारांहून अधिक हवाई सैनिकांची नावे कोरलेली आहेत; त्यांत या दलाचेही पुष्कळ आहेत.