दोष कोणाचा?

मुलांनो, आपल्या खुलताबादमध्ये शेजारी म्हणजे घरचाच माणूस. ईदचा शीरखुर्मा आणि दिवाळीचा फराळ इकडून तिकडे जातो. पण उद्या शेजारचाच मुलगा गुन्हेगार निघाला तर?

पुण्यात असेच घडले. १९७६-७७ मध्ये तेथे दहा खून झाले. खुनी निघाले एका कला महाविद्यालयातील चार विद्यार्थी. पहिला बळी त्यांच्याच महाविद्यालयातील मुलगा होता. ते चौघे एकाच धर्माचे नव्हते. १९८३ मध्ये चौघांनाही येरवडा तुरुंगात फाशी झाली.

माझ्या मते, शिक्षा करणाऱ्यालाच व्हावी. त्याचे आईवडील, भावंडे किंवा मोहल्ला यांना दोष देणे अन्याय आहे. अशा मुलाची बहीण तुमच्या वर्गात असली, तर तिला तुम्ही आपल्या शेजारी बसवाल ना?