पावती मिळाली म्हणजे काम झाले असे नव्हे



मागच्या महिन्यात विहारातील रविवारची वंदना आटोपल्यावर एक उपासिका माझ्यासाठी थांबल्या. चार घरची धुणीभांडी करून त्यांनी मुलीला बी. एस्सी. केले. मुलगी आता पुण्याला एका कंपनीत संगणकाच्या नोकरीत आहे. त्या म्हणाल्या, "दादा, पोरगी फोनवर रडत होती. म्हणते, मी काम पाठवलं होतं. साहेब म्हणतात, काम झालंच नाही. पाठवलं अन् झालं यात एवढा काय फरक असतो हो?"

खरे तर हा फरक आपल्या माणसांइतका कुणाला ठाऊक असणार? जातीच्या दाखल्याचा अर्ज खिडकीवर दिला, पावती मिळाली, तिच्यावर आवक क्रमांक पडला. म्हणून दाखला हातात आला काय? पावती एवढेच सांगते की अर्ज आत गेला. पुढे तो टेबलावर आहे, सहीला गेला आहे, की त्रुटी काढून बाजूला ठेवला आहे, हे विचारावे लागते. त्या मुलीचे नेमके हेच झाले होते. फक्त खिडकीच्या जागी मेनफ्रेम नावाचा मोठा संगणक होता. आपली अनेक मुले-मुली आज या क्षेत्रात जात आहेत, म्हणून या वेळी हाच विषय घेतला आहे.

मेनफ्रेम म्हणजे काय?

मोठ्या बँका, विमा कंपन्या, विमान कंपन्या यांचे लाखो हिशेब एकाच वेळी सांभाळणारा संगणक म्हणजे मेनफ्रेम. आयबीएम कंपनीने ७ एप्रिल १९६४ रोजी सिस्टीम-३६० ही यंत्रमालिका जाहीर केली. आजचे आयबीएमचे मेनफ्रेम त्याच घराण्यातले आहेत. त्यांच्यावर झेड-ओएस ही कार्यप्रणाली चालते.

या यंत्रावर बरेचसे काम गठ्ठ्याने होते. दिवसभराचे व्यवहार साठवायचे आणि रात्री एकदम हिशेब करायचा. अशा एका गठ्ठ्याला 'जॉब' म्हणतात. कोणता प्रोग्राम चालवायचा, कोणती फाइल वाचायची, निकाल कुठे ठेवायचा, हे जेसीएल नावाच्या भाषेत लिहून द्यावे लागते. पूर्वी हे भोके पाडलेल्या कार्डांवर जात असे. आता पुण्यात बसलेली मुलगी हजारो मैलांवरच्या यंत्राकडे ते तारेवरून पाठवते.

जॉब घेणारा आणि रांगेत लावणारा जो भाग आहे त्याला जेस म्हणतात. त्यातील जेस-२ चे मूळ १९६० च्या दशकात आहे. अमेरिकेत ह्यूस्टन येथे नासाच्या कामासाठी आयबीएमच्या लोकांनी 'हास्प' नावाची व्यवस्था तयार केली, तिचेच हे पुढचे रूप. जॉब आत आला की जेस त्याला क्रमांक देतो. हाच आपला आवक क्रमांक! नावावर विसंबून चालत नाही, कारण एकाच नावाचे जॉब रोज चालतात. एका गावात एकाच नावाचे चार जण असावेत तसे ते आहे. क्रमांकही काही काळाने फिरून पुन्हा वापरात येतात. म्हणून नाव, क्रमांक आणि तारीख-वेळ अशा तिन्ही गोष्टी टिपून ठेवाव्यात.

चौकशी कशी करायची?

माणूस पडद्यावर बसून जॉबची स्थिती पाहू शकतो. पण रात्री शंभर जॉब पाठवायचे असतील तर कोण जागत बसणार? म्हणून ही चौकशी प्रोग्रामनेच करायची असते. जुना मार्ग एफटीपीचा. त्यात फाइलचा प्रकार 'जेस' आहे असे आधी सांगायचे, म्हणजे पाठवलेली फाइल नुसती साठवली न जाता जॉब म्हणून घेतली जाते आणि उत्तरात क्रमांक येतो. नवा मार्ग झेड-ओएस-एमएफचा. त्यात वेबच्या पद्धतीने जॉबचे नाव आणि क्रमांक देऊन विचारायचे, की यंत्र स्थिती कळवते.

स्थिती मुख्यतः तीन शब्दांत येते. 'इनपुट' म्हणजे रांगेत आहे. 'ॲक्टिव्ह' म्हणजे चालू आहे. 'आउटपुट' म्हणजे संपले. पण नीट लक्षात घ्या, संपले म्हणजे यशस्वी झाले असे नाही! परीक्षा संपली आणि परीक्षा पास झाली यात फरक आहे. निकाल वेगळ्या रकान्यात येतो, त्याला रिटर्न कोड म्हणतात. जॉब चालू असेपर्यंत हा रकाना रिकामा असतो. शून्य आला तर बहुधा ठीक. चार आला तर बहुधा इशारा. आठ, बारा, सोळा आले तर बहुधा गंभीर अडचण. कधी 'जेसीएल एरर' येते, म्हणजे अर्जच चुकीचा भरला होता. कधी 'अबेंड' येते, म्हणजे काम मध्येच कोसळले.

त्या मुलीचा जॉब 'अबेंड एस-झिरो-सी-सेव्हन' होऊन कोसळला होता. याचा अर्थ, जिथे आकडा हवा तिथे आकडा नव्हता. एका नोंदीत रकमेची जागा कोरी राहिली होती. तिचा प्रोग्राम जॉब पाठवून, क्रमांक मिळताच 'यशस्वी' असे लिहून बंद झाला. जॉब मात्र अर्ध्या तासाने सुरू झाला आणि तिसऱ्या टप्प्यात पडला. सकाळपर्यंत कुणाला पत्ता नव्हता. चूक प्रोग्रामची होती, पण साहेबांचे बोलणे तिच्या आडनावावर गेले. "तुम्हा लोकांचं असंच असतं," असे चारचौघांत ऐकावे लागले. पोर रडली ती त्यामुळे.

मग तिने काय केले?

आईला मी म्हटले, मुलीला सांगा, राजीनामा लिहू नकोस, प्रोग्राम पुन्हा लिही. ती सुटीत घरी आली तेव्हा आम्ही दोघे कागद घेऊन बसलो. तिने केलेल्या सुधारणा इथे देतो. या क्षेत्रातील मुलांनी त्या कापून जपून ठेवाव्यात.

एक, क्रमांक मिळताच तो फाइलमध्ये लिहून ठेवायचा. प्रोग्राम मध्येच बंद पडला तरी चौकशी तिथून पुढे सुरू करता येते.

दोन, ठरावीक अंतराने विचारायचे. दर सेकंदाला विचारले तर यंत्रावर फुकटचा भार पडतो. आधी थोड्या वेळाने, नंतर अधिक वेळाने विचारावे आणि किती वेळ वाट पाहायची याची मर्यादा ठेवावी. झेड-ओएस-एमएफला जॉब देताना एक पत्ता देऊन 'संपल्यावर इथे कळव' असेही सांगता येते.

तीन, 'उत्तर आले नाही' आणि 'काम बिघडले' या दोन गोष्टी वेगळ्या ठेवायच्या. लाइन तुटली म्हणजे जॉब पडला असे नाही. तो तिकडे सुखाने चालू असू शकतो. घाबरून दुसऱ्यांदा पाठवला तर तेच पैसे दोनदा जमा होतील! आधी आपल्या नावाचे जॉब शोधून पाहावेत, मगच ठरवावे.

चार, जॉब यादीत सापडला नाही तरी निष्कर्ष काढायचा नाही. जुने निकाल ठरावीक काळाने पुसले जातात. म्हणून संपल्याबरोबर निकालाचा मजकूर उतरवून घ्यावा.

पाच, कोड शून्य आला तरी हिशेब पडताळायचा. आत किती नोंदी गेल्या आणि बाहेर किती आल्या, हे जुळले पाहिजे. चुकीचे कामही कधी बिनतक्रार पूर्ण होते.

तथागतांनी कालामांना जे सांगितले ते आपण वंदनेनंतर अनेकदा ऐकतो. कुणी सांगितले म्हणून, परंपरेने आले म्हणून मानू नका, स्वतः पडताळा. धम्माला 'एहिपस्सिको' म्हणतात, या आणि पाहा. ज्या मुलीला लहानपणी विहारात हे शिकवले, तिला यंत्राचे 'यशस्वी' हे शब्दही तपासूनच घ्यायला हवेत, हे समजायला वेळ लागला नाही.

आता तिच्या प्रत्येक जॉबची नोंद राहते. किती वाजता पाठवला, कोणता क्रमांक मिळाला, केव्हा संपला, काय कोड आला. गेल्या पंधरवड्यात पुन्हा एक जॉब पडला. या वेळी रात्रीच निरोप गेला, कोऱ्या रकमेची नोंद सापडली आणि सकाळच्या आत काम पूर्ण झाले. चूक दुसऱ्या विभागाच्या फाइलमध्ये होती, हे तिच्या नोंदीवरूनच कळले. साहेबांनी माफी मागितली नाही. पण तिच्या वहीतला क्रमांक खोडून काढणेही कुणाला जमले नाही. यंत्र आडनाव विचारत नाही, यंत्राभोवतीची माणसे विचारतात. म्हणून आपल्या मुलांनी काम चोख करावेच, पण केलेल्या कामाची लेखी नोंदही जवळ ठेवावी.

हे शिकायला महागडा क्लासच हवा असे नाही. १९९९ मध्ये सुरू झालेले हर्क्युलिस हे मोफत सॉफ्टवेअर साध्या संगणकावर जुना मेनफ्रेम उभा करते, त्यावर जेसीएलचा सराव होतो. २०१८ मध्ये खुला झालेला झोवे हा प्रकल्प जॉब पाठवण्याची आणि त्याची स्थिती विचारण्याची साधने मोफत देतो. वस्तीतील अभ्यासिकेत एक संगणक असेल तर चार मुलांनी मिळून सुरुवात करावी.

आणि पालकांनो, हा धडा फक्त संगणकवाल्या मुलांसाठी आहे असे समजू नका. शिष्यवृत्तीचा अर्ज असो, भविष्य निर्वाह निधीचा दावा असो, पावतीवरचा क्रमांक जपून ठेवा. ठरावीक दिवसांनी जाऊन विचारा. उत्तर लेखी मागा. सरकारी कार्यालय दाद देत नसेल तर २००५ चा माहिती अधिकार कायदा आहे. त्याखाली साधारणपणे ३० दिवसांत माहिती द्यावी लागते. "माझे काम कुठे अडले?" हे विचारणे म्हणजे भीक मागणे नव्हे, तो आपला हक्क आहे.

परवा त्या उपासिका पुन्हा भेटल्या. हसून म्हणाल्या, "दादा, रेशन कार्डात नाव घालायला दिलंय. नंबर लिहून ठेवलाय, सोमवारी विचारायला जाणार."

नमो बुद्धाय! जय भीम!