‘ड्रॅगन क्वेस्ट’चा श्रेष्ठ भाग कोणता ?

मधल्या सुट्टींत आमच्या वरच्या वर्गांतील विद्यार्थ्यांत एक वाद वारंवार रंगतो. ‘ड्रॅगन क्वेस्ट’ या जपानी खेळमालेचे आजवर अकरा मुख्य भाग निघाले. त्यांत श्रेष्ठ कोणता? मुलगा जळगांवचा असो कीं धुळ्याचा, बहुतेकांचा कौल अकराव्या भागास पडतो, कारण त्यांतील चित्रें सर्वांत देखणीं. पालकांचें मत याहून सोपें आहे : सारेच भाग सारखे वाईट ! आम्हांस हीं दोन्ही मतें मान्य नाहींत. आमच्या मतें पहिला मान पांचव्या भागाचा.

ज्या पालकांनीं हे खेळ पाहिले नाहींत त्यांच्यासाठीं दोन शब्द. खेळणारा कथेंतील नायकाची भूमिका घेतो, गांवोगांव हिंडतो, भेटेल त्याच्याशीं बोलतो, राक्षसांशीं लढतो व लढतां लढतां बळकट होतो. युजी होरी यांनीं रचलेला पहिला भाग २७ मे १९८६ रोजीं जपानांत विक्रीस आला. चित्रें अकिरा तोरियामा यांचीं, संगीत कोइची सुगियामा यांचें. त्यांत नायक एकटा. राजकन्येस सोडवावयाचें आणि राक्षसराजास मारावयाचें, एवढेंच काम. परंतु शेवटच्या लढाईपूर्वीं तो राक्षसराज अर्धें जग देऊं करतो, आणि लोभानें ‘होय’ म्हणणाऱ्याचा खेळ मूळ आवृत्तींत तेथेंच संपतो. ही कल्पना मोठी मार्मिक आहे.

तिसरा भाग फेब्रुवारी १९८८ चा. तो विकत घेण्यासाठीं जपानी मुलें शाळा बुडवून रांगा लावून उभीं राहिलीं व पोलिसांच्या हातीं सांपडलीं. (आमच्या विद्यार्थ्यांनीं हा कित्ता गिरवूं नये.) या भागाचा नकाशा आपल्या पृथ्वीवरूनच काढलेला असून त्यांत ‘बाहारता’ नांवाचें एक गांव आहे. हा आपला भारत, हें सांगावयास नको. तेथील गुप्ता नांवाच्या तरुणाची सुटका करून काळीं मिरीं मिळवावयाचीं व तीं पोर्तोगा येथील राजास दिलीं कीं तो जहाज देतो. पोर्तुगीज आपल्याकडे कशाकरितां आले हें इतिहासाच्या तासाला न उमगलेल्या मुलास तें येथें सहज उमगतें !

चौथ्या भागांत (१९९०) तोर्नेको नांवाचा एक पोटार्थी गृहस्थ नायक होतो. तो सकाळीं बायकोचा निरोप घेऊन दुसऱ्याच्या दुकानीं विक्रीस बसतो आणि पुढें हिमतीनें स्वतःचें दुकान काढतो. जळगांवच्या सराफ बाजारांत वाढलेल्या मुलास हें प्रकरण फार आवडतें, असें आम्ही पाहिलें आहे.

आतां पांचवा भाग. तो २७ सप्टेंबर १९९२ चा. आरंभीं नायक सहा-सात वर्षांचा पोर असून बापाबरोबर प्रवास करतो. लढाईंत बाप दोन वार करतो तेव्हां पोराचा एक होतो. लढाई संपली कीं बापच त्याच्या जखमा बऱ्या करतो. गांवीं आल्यावर बाप कामासाठीं बाहेर पडतो, आणि पोर मागें राहतें. रावेर-यावलकडे वीज रात्रीं येते म्हणून वडील केळीच्या बागेला पाणी द्यावयास निघतात आणि मुलगा दारांत उभा राहून बॅटरीचा उजेड दूर जातांना पाहतो. त्यास हा आरंभ परका वाटणार नाहीं.

पुढें शत्रु पोराला ओलीस धरतो. त्याच्या जिवासाठीं बाप हात आवरून वार सोसतो आणि मुलाच्या डोळ्यांदेखत मरतो. या खेळमालेंत सोबती मेला तर त्यास प्रार्थनामंदिरांत नेऊन धर्मगुरूपुढें मोहरा मोजल्या कीं तो उठून बसतो. हा व्यवहार आम्हांस मुळींच रुचत नाहीं. परंतु त्यामुळेंच या एका मृत्यूचें वजन कळतें, कारण बाप कोणत्याहि मोलानें परत मिळत नाहीं. मोठेपणीं नायक जादूच्या एका चित्रांतून भूतकाळांत जातो, बापास भेटतो, त्यास सावध करतो. तरी होणारें टळत नाहीं.

मध्यंतरीं दहा वर्षें गुलामी. सुटका झाल्यावर बापाचें पत्र सांपडतें आणि दैवी तलवारहि मिळते. पण ती नायकाला चालवतांच येत नाहीं! इतर भागांत निवडलेला वीर म्हणजे खेळणारा स्वतः. येथें तो लग्न करतो, त्यास जुळीं मुलें होतात, नंतर तो दगडाचा पुतळा बनून आठ वर्षें एका धनिकाच्या अंगणांत उभा राहतो, आणि अखेर त्याचींच मुलें त्याला शोधून काढतात. ती तलवार मुलाच्या हातीं चालते. खरा वीर तो मुलगा. आपण केवळ त्याचा बाप.

तिसऱ्या भागांतहि बापाचें अपुरें काम मुलगा पुरें करतो, पण तेथें कीर्ति शेवटीं खेळणाऱ्याचीच. सातवा भाग (२०००) पसरट. पहिली लढाई येईपर्यंत धीर सुटतो. आठव्यानें (२००४) विस्तीर्ण माळ व डोंगर प्रथमच खुले केले, तें पाहण्यासारखें आहे. अकराव्याचीं (२०१७) चित्रें सुंदर आहेत हें आम्ही नाकारीत नाहीं. परंतु त्यांतील नायक जन्मतःच निवडलेला असतो, आणि तशी गोष्ट आपण पुष्कळ वेळां ऐकली आहे. पांचव्याचीं चित्रें ओबडधोबड म्हणून जे विद्यार्थी तो अर्ध्या तासांत टाकून देतात, त्यांनीं निदान लग्नाच्या प्रसंगापर्यंत धीर धरावा. बालपणची मैत्रीण बियांका कीं धनिकाची कन्या फ्लोरा, यावर जपानांत तीस वर्षें वाद चालला आहे. आमचें मत आम्ही सांगणार नाहीं.

पांचवा भाग मोबाईलवर इंग्रजींत निघाला आहे. पालकांनीं एकदां मुलाजवळ बसून, बाप मरतो तेथपर्यंतची कथा त्याच्याकडून वाचून घ्यावी. दोन-तीन संध्याकाळीं पुरतील. मोबाईल काढून घ्यावयाचा कीं नाहीं, हें मग ठरवावें.